मागच्या सीटवरचे मामा

माणसाने आधी थांबायला शिकावे आणि मगच चालवायला, असे मानणारा सबंध मुलुंडमध्ये एकच माणूस होता आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. एकतीस वर्षे मुंबईच्या रस्त्यांवर बस चालवून मामा निवृत्त झाले आणि आमच्याच सोसायटीत, बी बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहायला आले. त्यांच्याकडे स्वतःची सायकलसुद्धा नव्हती. पण ते ऐंशी सालानंतरचे दिवस होते. पाच-पाच, सहा-सहा वर्षे नंबर लावून बसलेल्यांच्या घरी एकेक करून स्कूटर येऊ लागली होती (आमची सहा वर्षे दोन महिन्यांनी आली), आणि प्रत्येक स्कूटरभोवती सतरा-अठरा वर्षांचे कुणी ना कुणी घुटमळत असे. या घुटमळणाऱ्यांना मामांनी आपले मानले. कुठेही ठराव न होता सोसायटीत असा नियमच पडून गेला, की मुलाला सरकारी लायसन्स मिळाले तरी मामांनी तोंडाने ‘पास’ म्हटल्याशिवाय बापाने किल्ली द्यायची नाही.

मामांची शिकवणी कुणालाही नामोहरम करील अशी होती. पहिले चौदा दिवस स्कूटर सुरूच करायची नाही. इंजीन बंद ठेवून, हाताने ढकलत, सोसायटीच्या फाटकापासून मिठागराकडच्या रस्त्यापर्यंत न्यायची आणि परत आणायची. “पाऊणशे-शंभर किलो वजन आहे बाबा हे. ते तुझ्या ताब्यात आहे की तू त्याच्या, ते आधी ठरू दे.” पंधराव्या दिवशी किक मारायची, ती फक्त थांबण्यासाठी. मामा रस्त्यावर खडूने रेघ ओढत, वीस पावलांवरून स्कूटर आणायला लावत आणि पुढचे चाक रेघेवर टेकले पाहिजे असा हट्ट धरत. माझी नोकरी कारखान्यात मापे तपासण्याची, म्हणून टेप घेऊन चूक मोजण्याचे काम माझ्याकडे आले. “जावईबापू, किती?” “सव्वा फूट पुढे.” “म्हणजे म्हातारी मेली,” असे म्हणून मामा त्या काल्पनिक म्हातारीसाठी दोन क्षण डोळे मिटून उभे राहत. दोन महिन्यांत माझ्या डोळ्यांदेखत एकशे अकरा म्हाताऱ्या मेल्या. मी वहीत टिपून ठेवल्या आहेत.

हेल्मेटचे वेड तर त्यांनीच आमच्या आळीत आणले. त्यांच्याकडे नारळाएवढ्या डोक्याला कलिंगडाएवढे एक हेल्मेट होते. ते प्रत्येक शिकाऊ मुलाला घालावे लागे आणि आत आदल्या सगळ्या मुलांच्या तेलांचा वास साठलेला असे. मुलींनी ओढणीची दोन्ही टोके पाठीमागे घट्ट गाठ मारून बांधायची, नाहीतर मामा किकला पाय लावू देत नसत. एवढे झाले की स्वतः मागच्या सीटवर बसत. हातात छत्री असे आणि ती पाऊस नसतानाही असे. डावीकडे वळायचे असले तर डाव्या खांद्यावर छत्रीची मूठ टेकायची, उजवीकडे असले तर उजव्या. नाक्यावरचा इस्त्रीवाला हे दृश्य बघून ओरडे, “मामा, घोडा नवा दिसतोय!” मामा मागे न बघता सांगत, “तुझ्यापेक्षा लवकर शिकेल रे!”

माझी मुलगी शुभदा अठरा वर्षे पूर्ण होताच मामांच्या हाताखाली गेली. तिला स्कूटर हौसेसाठी नको होती. पवईला तिला दीड वर्षाच्या एका कोर्सला प्रवेश मिळाला होता आणि तास सकाळी साडेसातला सुरू व्हायचा. दोन बस बदलून मी स्वतः तिच्याबरोबर जाऊन वेळ मोजली होती: एक तास पस्तीस मिनिटे, तीही पहिली बस वेळेवर आली तर. स्कूटरने पंचवीस. महिनाभर तिचा पहिला तास रोज बुडत होता आणि तिथल्या बाईंनी सांगून टाकले होते, की दिवाळीपर्यंत हजेरी सुधारली नाही तर नाव कमी करू. सगळे मामांच्या एका शब्दावर अडले होते.

चौदा दिवस तिने मुकाट्याने ढकलले. खडूच्या रेघेवर तर ती इतकी अचूक थांबे, की मला टेप उलगडावीच लागत नसे. सरकारी परीक्षेत आठचा आकडा काढून लायसन्सही घेऊन आली. मग आली मामांची शेवटची परीक्षा आणि त्यात ती नापास झाली. हायवेच्या सिग्नलला पिवळा दिवा लागला होता, मामा मागून म्हणाले, “निघेल गो, काढ,” आणि तिने काढली. पलीकडे पोचताच छत्री पाठीत टोचली. “उतर. नापास.”

दुसऱ्या खेपेला तिने पिवळ्या दिव्याला मामांचे ऐकले नाही. परतताना मामांना बाजारात सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पत्नी भेटल्या, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. मामा म्हणाले, “बसा हो वहिनी, मध्ये मावाल. दोन मिनिटांचा तर रस्ता.” वहिनी लगेच मावल्या. शुभदाने दोघांनाही मागे बसवून आणले. नापास. तिसऱ्या खेपेला निघतानाच मामा म्हणाले, “राहू दे ते हेल्मेट, उकडतंय किती,” आणि तिने ते आज्ञाधारकपणे काढून त्यांच्या हातात दिले. फाटकाबाहेर पडायच्या आतच नापास!

त्या दिवशी ती घरी येऊन रडली. “मामाआजोबाच सांगतात आणि मामाआजोबाच नापास करतात! मोठ्या माणसाला काय उलट बोलायचं?” माझी बायको म्हणाली, “अहो, तुम्ही जाऊन बोला ना. माझाच मामा आहे, पण हे अति झालं.” खरे सांगायचे तर मलाही राग आला होता. सेक्रेटरींचा मुलगा, ज्याच्या उद्धटपणाबद्दल दोन्ही बिल्डिंगांत एकमत होते, तो पहिल्याच खेपेला पास झाला होता. आणि आमची, जिने जन्मात मोठ्यांचा शब्द खाली पडू दिला नाही, ती तीनदा नापास. मी मामांकडे गेलो आणि म्हणालो, “मामा, ही तपासणी चुकीची आहे. तपासणाराच खोटे माप देत असेल तर माल काय करणार?”

मामा चहा बशीत ओतत होते. एरवी ते आमच्यासारखेच बोलत, मनातले सांगायचे असले की मालवणीवर येत. म्हणाले, “जावईबापू, रस्त्यावर तिका चुकीचा सांगणारे परके नसतले. घरचेच असतले.” आणि बशी तोंडाला लावली. 

त्यानंतरच्या रविवारी भांडुपला माझ्या चुलतभावाच्या मुलीचे लग्न होते. मुहूर्त अकरा वाजून बारा मिनिटांचा. बायको आदल्या दिवशीच मदतीला गेली होती. माझ्या उजव्या हाताचा अंगठा दारात चेमटून बांधलेला होता, म्हणून मी शुभदाला म्हटले, मी मागे बसतो, तू चालव; एकटीला थोडीच सोडतोय? निघायला अकरा मिनिटे उशीर झाला. आयुष्यात मी कुठल्या लग्नाच्या अक्षता चुकवलेल्या नाहीत. हायवेच्या त्याच सिग्नलला आलो तेव्हा माझ्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती आणि दिवा पिवळा झाला.

“निघेल ग, काढ.”

तिने पाय खाली टेकला.

“अगं काढ ना! रस्ता मोकळा आहे. मी सांगतोय ना तुला!”

“नाही बाबा.”

“शुभदा!”

“ओरडा हवं तर. मी नाही काढणार.”

शेजारचा टॅक्सीवाला खिडकीतून डोके काढून म्हणाला, “काय साहेब, पोरगी ऐकत नाय वाटतं?” मी त्याच्याकडे पाहिले नाही. घड्याळाकडे पाहिले. दिवा लाल होता ते चोपन्न सेकंद मी मोजले. त्या चोपन्न सेकंदांत आडव्या रस्त्याने काहीही आले नाही, ना ट्रक, ना सायकल. खरेच निघालो असतो. आम्ही कार्यालयात शिरलो तेव्हा मंगलाष्टके संपली होती आणि लोक नवरा-नवरीला भेटायला रांग लावत होते. मी शुभदाशी एक शब्द बोललो नाही. पहिल्या पंगतीत जागा मिळाली नाही. दुसऱ्या पंगतीत ती माझ्या शेजारी बसली, माझा डावा हात वरणभाताशी झटापट करताना तिने पाहिला आणि न बोलता माझ्या जिलब्यांचे तुकडे करून दिले. तेव्हा कुठे मी म्हणालो, “मठ्ठा घे थोडा.”

संध्याकाळी मी स्वतःच मामांकडे गेलो आणि घडले तसे सांगितले. मामांनी तपासनिसासारखे प्रश्न विचारले.

“कितीदा सांगितलात?”

“दोनदा.”

“आवाज चढवलात?”

“चढवला.”

“राग इलो?”

“आला. लग्नात पाऊण तास बोललो नाही तिच्याशी.”

मामा हसले, मग हसता हसता थांबले. पायांत चपला घालत म्हणाले, “मी एकोणीस वर्षांचो होतंय. सायकलीवर मागे दादा, समोर उतार. माका ब्रेक मारूचो होतो. दादा म्हणालो, सोड रे, जाता ती. सोडलंय.” दादा म्हणजे गावी असलेले त्यांचे थोरले भाऊ, मी त्यांना काठीशिवाय चालताना कधी पाहिले नव्हते. आजवर मी ते लंगडणे जन्मापासूनचेच समजत होतो. “नाय म्हटलं असतंय, तर दादा चार दिवस माझ्याशी बोललो नसतो. रागीटच तो.”

मग मामा जिन्याने आमच्या तिसऱ्या मजल्यावर निघाले, मध्ये एकदा दम घ्यायला थांबले आणि दार उघडायच्या आधीच “शुभदा, पास गो!” म्हणून ओरडले. मी त्यांच्या मागून पायऱ्या चढत होतो. वाट्याला न आलेल्या त्या चार दिवसांच्या अबोल्यासाठी तो माणूस चाळीस वर्षे हळहळत होता. मी पाऊण तासात सुटलो होतो.