नरसय्यामामांची पाठ

नरसय्यामामांकडे सायकल नेली की ते काय बिघडलंय हे विचारायचे नाहीत. लाकडी मुठीचा हातभर लांब पेचकस उचलायचे. सोलापुरात त्याला सगळे डिसमिस म्हणतात. त्याची मूठ दातांत धरायची, टोक फ्रेमला टेकवायचं, डोळे मिटायचे आणि मोकळ्या हाताने पॅडल फिरवायचं. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, हे गृहस्थ सायकल चावून बघतायत. मिनिटभराने त्यांनी डिसमिस काढला, मूठ शर्टाला पुसली आणि म्हणाले, "पॅडलच्या बेरिंगमधली एक गोळी फुटलीय. चढावर उभी राहून मारतीस व्हय?" मी तशीच मारत होते. आणि उघडल्यावर गोळी खरंच फुटलेली निघाली.

मामांना कानांनी जवळजवळ काहीच ऐकू यायचं नाही. पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात ते तीस वर्षं जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. मागांच्या खडखडाटाने कान गेले. मग कारखानाही बंद पडला आणि त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत सायकलचं दुकान टाकलं. समोरच्याचे ओठ वाचून ते बोलणं समजून घेत. त्यामुळे बोलताना कुणी तोंड फिरवलं की त्यांचा पारा चढायचा. "हिकडं बघून बोल की. पाठीला कान न्हाईत मला." घरात तेलुगू, दुकानात आपली मराठी, आणि मला हाक 'बिड्डा'. त्यांच्याकडे लेकीला तसं म्हणतात.

मी वेळापूरजवळच्या वाडीवरची. घरी मेंढरं, थोडी जिरायती. कॉलेजसाठी सोलापुरात वसतिगृहात राहत होते आणि माउंटन बाइकच्या शर्यतीत उतरत होते. आदल्या वर्षी राज्य संघाच्या निवड चाचणीत उतारावर पडून माझं खांद्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण भीती काही गेली नाही. साध्या पुलाच्या उतारावरही बोटं ब्रेकवर आवळली जायची आणि सुटायचीच नाहीत. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. वयोगटातलं ते माझं शेवटचं वर्ष होतं. चाचणीला पाच आठवडे उरले होते, आणि या वेळी निवड झाली नाही तर गाशा गुंडाळून वाडीवर परत जायचं हे आबांशी, म्हणजे वडिलांशी, ठरलं होतं.

कॉलेजची जुनी सायकल आता मिळणार नव्हती. आबांनी दोन बोकड विकले, त्यात माझ्या बक्षिसांचे पैसे घातले आणि पस्तीस हजार झाले. एवढ्यात दोनच रस्ते होते. एक, नवी हार्डटेल, जिला फक्त पुढच्या चाकावर दणके खाणारा फोर्क असतो. दुसरा, जुनी फुल सस्पेन्शन, जिला मागेही शॉक असतो. मामा त्यांना एक स्प्रिंगची आणि दोन स्प्रिंगची म्हणत. मला दोन स्प्रिंगचीच हवी होती. मागचं चाक दणका खाऊन टाकेल, मग मी पडणार नाही, असा माझा हिशेब.

"तुज्या पैशात दोन स्प्रिंग म्हंजे दोन्ही कामचलाऊ," मामा म्हणाले. "वर आनि तीन किलो वजन. चढावर तुजा निम्मा जोर त्यो मागचा स्प्रिंगच खानार. त्येच पैशात एक स्प्रिंगची घे. फोर्क चांगला मिळंल, ब्रेक चांगलं मिळतील."

"पुन्यातल्या सगळ्या पोरींकडं दोन स्प्रिंगची हाय, मामा."

"त्येंच्या सायकलीच्या पैशात तुजं घर हुईल, बिड्डा."

बारा दिवस हेच चाललं. मी रोज जायचे, ते रोज समजावायचे आणि मी रोज ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. खरं तर त्यांचं सगळं मला पटत होतं. पण पटणं डोक्यात होतं आणि भीती बोटांत, त्याला मी काय करणार?

तेराव्या दिवशी प्रशांत नावाच्या एका इंजिनिअरने मला त्याची जुनी फुल सस्पेन्शन दाखवली. बदली झाल्यामुळे तो दोन दिवसांत सोलापूर सोडणार होता. सायकल लखलखीत होती, किंमत बरोबर पस्तीस. मी त्याला म्हटलं, मामांनी एकदा बघितली की पैसे देते. दुकानात आम्ही दोघं उभे होतो आणि पैसे माझ्या पिशवीत होते. मामांनी डिसमिस दातांत धरला, टोक मागच्या सांध्याला टेकवलं आणि डोळे मिटले. या वेळी फार वेळ लागला. एकदा डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. मी सायकलचं हँडल धरून नुसती उभी होते तरी माझी दोन बोटं ब्रेकवर होती, पांढरी पडलेली.

"क्रॅक हाय," ते म्हणाले. "सांध्याच्या आत. वरून दिसायची न्हाय. उताराला तुटनार."

प्रशांतचा चेहरा उतरला. "अहो काका, मी एकदाही आपटलेली नाही ती."

"माज्या दातांना इचार," मामा म्हणाले आणि पाठ फिरवून पाणी प्यायला गेले. पाठ फिरवली म्हणजे बोलणं संपलं.

मी रडकुंडीला आले, पण त्या दातांवर माझा विश्वास होता. दुसऱ्या दिवशी हार्डटेल घेतली.

त्यानंतर मामा मला शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीवर न्यायला लागले. खाणीत उतरणारी वाट अरुंद, खडीने भरलेली, डाव्या हाताला सरळ खोल खड्डा. मी वरून बघितलं आणि म्हटलं, मी न्हाय जानार. मामा खाली चालत गेले, वाटेच्या मध्यावर जिथे ती सगळ्यात अरुंद होते तिथे थांबले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांच्या उजव्या बाजूला एक हँडल जेमतेम जाईल एवढी जागा होती.

मी वरून ओरडले. ओरडून काय उपयोग? खिशातून हात काढून त्यांनी फक्त उजवीकडे बोट दाखवलं. मला कळलं. ब्रेक आवळला तर खडीवर चाक घसरणार आणि सायकल सरळ त्यांच्यावर जाणार. त्यांना वाचवायचं असेल तर त्यांच्याकडे न बघता त्या फटीकडे बघायचं, गुडघे सैल सोडायचे आणि बोटं उघडायची. मी अर्धा तास वर उभी होते. ऊन चढलं. ते हलले नाहीत.

शेवटी निघाले. मामांचा निळा चेक्सचा शर्ट मोठा मोठा होत आला, बोटं आवळायला लागली आणि मी ती उघडली. हँडल त्यांच्या बाहीला घासून गेलं. खाली पोचल्यावर मी सायकल टाकून दिली आणि तिथेच बसून रडले. मामा उतरून आले आणि म्हणाले, "मागं स्प्रिंग पाहिजे हुता का?"

तीन आठवडे रोज सकाळी हेच. चाचणीच्या दिवशी शेवटचा उतार आला तेव्हा मला दगड दिसलेच नाहीत. निळा चेक्सचा शर्ट दिसत होता आणि त्याच्या उजवीकडची फट. चौघींची निवड व्हायची होती. मी चौथी आले.

सोलापूरला उतरले ती पेढे घेऊन थेट मामांकडे गेले. ते आतल्या खोलीत जेवत होते, मामी वाढत होत्या. ताटात कडक भाकरी आमटीत भिजत घातली होती, शेजारी स्टीलच्या वाटीत पाणी आणि पाण्यात त्यांची कवळी. वरची आणि खालचीही. मला बघून त्यांनी घाईने हात वाटीवर ठेवला, पण मी पाहिलं होतं.

"मामी, दात कधी काढले यांचे?"

"दोन वर्सं झाली की," मामी म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

कवळीतून कसला आवाज येणार? मी हिशेब केला आणि माझं डोकं फिरलं. "म्हंजे क्रॅक नव्हती?"

मामांनी मानेनेच नाही म्हटलं आणि कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे चादरीखाली काहीतरी टांगलेलं होतं. चादर ओढली. प्रशांतची सायकल. तो गावातून जायच्या आधीच त्यांनी ती घेतली होती, त्याने सांगितलेल्या किमतीला.

"खोटी नावं ठेवली सायकलीला, मग घ्यायलाच पाहिजे की," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "सायकल चांगली हाय. हाताला कळतंय मला. डिसमिस गिऱ्हाइकासाटी."

"मला सरळ सांगायचं हुतं."

"बारा दिवस सरळच सांगितलं."

ते खरं होतं, म्हणून आणखीच राग आला. तेव्हा मामी म्हणाल्या, "चिडू नको गं. खाणीवरनं आले की यांचे हात लटलट कापायचे. चहाची बशी मी धरायची." मामा भाकरीकडे बघत राहिले. मामींचे ओठ त्यांनी वाचले नाहीत, किंवा वाचल्याचं दाखवलं नाही. त्यांच्याबद्दल मला आधी वाटायचं, ऐकू येत नाही म्हणून बरं, भीतीही वाटत नसेल. किती सोपं करून टाकलं होतं मी.

मामा गेल्या पावसाळ्यात गेले. मामींनी तो डिसमिस मला दिला. मी आता मैंदर्गीजवळच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मूठ दातांत धरते, हातानेही चाचपते, पण मला अजून धड काही कळत नाही.

महिन्यापूर्वी माझी एक विद्यार्थिनी माळावरच्या उतारावर अडून बसली. तिचीही बोटं पांढरी पडली होती. मी खाली गेले, अरुंद जागा शोधली, तिच्याकडे पाठ केली आणि उजवीकडे बोट दाखवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग मागून खडी करकरायला लागली, आवाज वाढत वाढत अगदी पाठीशी आला, आणि मी उडी मारून बाजूला झाले.

पोरगी नीट उतरली. हसत म्हणाली, "बाई, तुमी हालला की."

हलले. मामा तीन आठवड्यांत एकदाही हलले नव्हते.