चिंधीची गाठ

पोलादपूरहून कुडपणच्या पठाराकडे चढणाऱ्या वाटेवरच्या एका गावात माझे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते, आणि चौथीत मी त्यांच्याच वर्गात होते. शाळेत त्यांना बाबा म्हणायचं नाही, गुरुजी म्हणायचं. लोकांनी बोट दाखवू नये म्हणून ते मला कधी शाब्बास म्हणत नसत. बाकी पोरांना म्हणत. मला त्या एका शब्दाची हाव सुटली होती.

त्या वर्षी कार्यानुभवाच्या परीक्षेला त्यांनी इरलं ठेवलं. पावसात लावणी करताना पाठीवर घेतात ते. बांबूचा सांगाडा घरच्यांनी विणून दिला तरी चालेल, पण पळसाची पानं आपणच शाकारायची. कागदावर काही लिहायचं नव्हतं. गुरुजी स्वतः इरल्याखाली उकिडवे बसणार, वरून कळशीभर पाणी ओतायचं, आणि ते किती भिजले त्यावर श्रेणी.

माझ्या शेजारी खालच्या वाडीतली मुलगी बसायची. पाढ्यांत कच्ची. तिला मीच सांगायचे, म्हणून तोवर ती मला फार आवडायची. पण पानं लावताना गुरुजी तिच्यापाशी थांबले आणि बराच वेळ नुसते तिचे हात बघत राहिले. माझा जळफळाट झाला. माझे हात त्यांनी असे कधी बघितले नव्हते. मधल्या सुट्टीत पडवीत कुणी नाही असं पाहून मी तिच्या इरल्याच्या माथ्यावरची सुंभाची गाठ सोडून ठेवली.

आधी माझी पाळी आली. माथा सुबक दिसावा म्हणून मी पानं वरून खाली लावत आले होते, त्यामुळे खालची ओळ वरच्या ओळीवर चढली होती. कौलं अशी कुणी घालत नाही. अर्ध्या कळशीतच गुरुजींची टोपी भिजली आणि वर्ग हसला. "क," ते म्हणाले.

मग तिचं. पाणी पडताच माथ्यातून धार लागली. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू?

ती रडली नाही. इरलं उलटं करून तिनं चाचपलं आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "गुरुजी, गाठ सुटलीय. पान हाय, नुसतं सरकलंय. बांधू?" परकराच्या काठाची चिंधी फाडून तिनं गाठ मारली. "आता वता." दुसरी कळशी संपली तरी गुरुजींवर एक थेंबही गळला नाही.

"शाब्बास," ते उठत म्हणाले. "केलेलं तर बघितलं होतं. बिघडलेलं नीट करताना आज बघायला मिळालं. अ."

पठारावरून येणाऱ्या वाऱ्यात त्यांची छत्री उलटी व्हायची, म्हणून तिनं ते इरलं त्यांनाच देऊन टाकलं. त्या पावसाळ्यात रोज सकाळी ते खुंटीवरून काढून त्यांच्या हातात द्यायचं काम माझं. चिंधीची गाठ रोज डोळ्यांसमोर यायची.

एका सकाळी त्या गाठीवर बोट ठेवून बाबा म्हणाले, "सुंभाची गाठ आपोआप सुटत नाही." माझ्याकडे न बघताच ते पायरी उतरले.

मला लाज वाटायला हवी होती. पण मी दारात उभी राहून हिशेबच करत होते. मी गाठ सोडली नसती, तर तिला नुसती 'अ' मिळाली असती. ते 'शाब्बास' मीच तिला मिळवून दिलं होतं.