दुपारी दोनची खरखर

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. भुताखेतांवर माझा विश्वास कधी नव्हता… रेडिओची सर्किटं बांधण्यात आयुष्य गेलं. आवाज आला म्हणजे कुठूनतरी कोणीतरी पाठवला, एवढं साधं माझं गणित.

मोठ्या दुष्काळात आमच्या सहकारी दूध संघाने कपिलधारच्या बाजूला जनावरांची छावणी उघडली होती. छावणीत एक वायरलेस, आणि मांजरसुंब्याच्या ऑफिसात, पत्र्याखाली, मी बांधलेला सेट. तिथे पाली गावचा सोपान हेडफोन लावून बसायचा. छावणीने पाणी मागितलं की तो टँकर धाडायचा.

अशा सेटचा जीव म्हणजे त्यातला ऑसिलेटर, सेटला ठरल्या फ्रिक्वेन्सीवर धरून ठेवणारा. तो जागचा सरकला की समोरचा ओरडत राहतो आणि आपल्याला नुसती खरखर. उन्हाने त्याची कॉइल तापली की तो सरकतो, त्याला उलट बाजूने सावरणारा खास कपॅसिटर लागतो. तो मिळाला नाही, मी साधाच टाकला. चालून जाईल म्हटलं.

मे महिन्यात एके दुपारी दोनपासून छावणी हाका मारत होती. ऑफिसात काहीच पोचलं नाही. संध्याकाळी हवा गार झाल्यावर निरोप लागला, तोवर सात गाई गेल्या होत्या.

सकाळी संचालक आले. सेट लावला, तर छावणी स्वच्छ ऐकू आली.

"झोपला असशील बे," एक जण सोपानला म्हणाले.

"न्हाई मालक. खरखर ऐकत बसलतो." मग तो माझ्याकडे वळला. "साहेब, तुमी सांगा की."

मी म्हणालो, "सेट तर ठीक आहे."

त्याला कामावरून काढलं. त्याच दुपारी दोनला मी एकटा सेटपुढे बसलो. ऑसिलेटर सरकलेला होता. आठवडाभरात खास कपॅसिटर मिळवून गुपचूप बदलला.

रिटायर झाल्यावर बीडच्या घरी हौसेने एक रिसीव्हर बांधत होतो — अगदी कमी खरखरीचा. दुपारची वेळ. अँटेना जोडलेली नव्हती. स्पीकरमधली खरखर बारीक होत गेली, दूर वाळूवरून पाणी सरकावं तशी… आणि त्यातून आवाज आला. "बोला कपिलधार, ऐकतोय." सोपानचा, तरणा आवाज.

पलीकडून कोणी म्हणालं, "पाणी संपलं हाय."

"निघाला टँकर. निघाला बघा."

मी ऑसिलेटरचा क्रिस्टल उपसून हातात घेतला. त्याच्याशिवाय सेट मुका. तरी आवाज चालूच… बादल्या, गळ्यातल्या घंटा, पाणी पिणारी जनावरं. बायको चहा घेऊन दारात थांबली होती. "कोण हो? किती शांत बोलतोय माणूस," ती म्हणाली. मग सगळं विरून गेलं.

दुसऱ्या दिवशी पालीला गेलो. सोपान शेळीला पाला टाकत होता. म्हातारा झालेला.

"साहेब? इकडं कावून?"

"सहज."

चहा ठेवायला सांगून तो शेजारी बसला. "त्या दिसापासनं दुपारी कधी आडवा झालो न्हाई बघा. लोक म्हणले असते, झोपला गडी पुन्हा." तो हसला. "काल मातर डोळा लागला. दोनचा सुमार असंल. सपनात छावणी दिसली. टँकर येळेवर गेलता. लई बरं वाटलं."

याचा उलगडा मला आजही झालेला नाही.

चहा पिऊन मी तसाच परतलो. त्या हिवाळ्यात सोपान गेला. सांगायला गेलो होतो ते एवढंच — सोपान, तू झोपला नव्हतास. सेट माझा चुकला होता, आणि ते मला तुला काढलं त्याच दुपारी कळलं होतं. मला माफ कर.