गूळ आणि नवसागर

सरकारने एकदा मनावर घेतलं की कोणत्या वस्तूला गुन्हेगार ठरवील याचा नेम नाही. अफू, सोमल यांच्यावर बंधनं घातली ते ठीक. त्यांची ख्यातीच तशी. पण माझ्या लग्नाच्या वयात आमच्या पारोळ्याला नवसागरही त्याच पंगतीत जाऊन बसला होता. सडक्या गुळात तो टाकून हातभट्टीची दारू काढतात, म्हणून परवान्याशिवाय विकायची बंदी. पितळी भांड्यांना कल्हई त्याच्याशिवाय होत नाही, हे कायदा करणाऱ्यांना त्यांच्या बायकांनी सांगायला हवं होतं.

मला बघायला शिरपूरचे पाहुणे यायचे होते. आईने पुरणाचे मांडे आणि कटाची आंबट रशी ठरवली, आणि घरात एकाही पातेल्याला कल्हई नाही! तशा भांड्यात रशी कळकते, तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी लागते. "एक घोट घेतील आणि मुलगी नको म्हणतील," आई म्हणाली. मला भयंकर राग आला. नकार मिळायचा तर माझ्यामुळे मिळावा, रशीमुळे कशाला?

कल्हईवाला सकाळीच आला, पण नवसागर तुम्हीच आणा म्हणाला. मग आम्ही मायलेकी परवानावाल्या शेटजींच्या दुकानात गेलो. आई एका दमात म्हणाली, "गुळाची मोठी ढेप आणि नवसागर द्या." कडेला तंबाखू मळणाऱ्या हवालदारांचा अंगठा तळहातावरच थांबला. शेटजी आईला ओळखत होते, त्यांनी माल दिला. हवालदार मात्र आमच्या मागोमाग थेट घरी आले.

"अक्का, गूळ शे, नवसागर शे. आते भट्टी कोठे शे?"

"आंगनमा शे ना. या, दखाडस तुमले," आई म्हणाली आणि तिने त्यांना कल्हईवाल्याच्या भट्टीशी नेऊन बसवलं.

रशीचं पातेलं कल्हई होऊन चुलीवर चढलं. मग शेवटच्या मोठ्या तापल्या पातेल्यात नवसागर पडला. पांढऱ्या धुराचा असा लोट उठला की हवालदार खोकून खोकून लाल झाले. नेमके तेव्हाच पाहुणे दारात! धूर, खाकी कपडे आणि खोकला पाहून मुलाच्या वडिलांनी काढलेली वहाण पुन्हा पायात घातली. हवालदार मनाचे चांगले, पाहुण्यांना धीर द्यावा म्हणून ओरडले, "या, आबा, या! दारू नही निंघनी!"

आईने कपाळावर हात मारला.

आबा कसेबसे आत येऊन पानावर बसले. मांडे गिळण्याचा आवाज ऐकू येत होता. मुलाने रशीची वाटी तोंडाला लावली, रिकामी केली आणि पुन्हा पुढे केली. मग त्याने मला एकच प्रश्न विचारला, आणि तोही गाण्याचा नाही, शिवणकामाचा नाही.

"नवसागर कुठं मिळाला? आमच्याकडे दिवाळीपासून रशी कळकतेय."

आबांनी त्याच्याकडे डोळे वटारले. मी मात्र मनातल्या मनात तेव्हाच हो म्हणून टाकलं.