मागची सीट काढलेली कॉन्टेसा

सोनिवलीच्या आनंदा भोपीला कॉन्टेसा मिळाली तेव्हा गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. तिसऱ्या दिवसापासून ती गाडी आनंदालाच टोचायला लागली. आता, दारात फुकटची मोटार उभी असताना ज्याला झोप लागत नाही, अशा माणसाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मी त्याला मूर्ख म्हणणार नाही, कारण पुढचं मला ठाऊक आहे.

गाडी अंबरनाथच्या एका कारखान्याचे मालक श्यामकांत राजाध्यक्ष यांची. आनंदा त्यांचा चौदा वर्षांचा ड्रायव्हर. आधी अँबेसेडर होती, पंच्याऐंशी साली ही पांढरीशुभ्र कॉन्टेसा आली. एक्क्याण्णवमध्ये साहेबांनी कामातून अंग काढून घेतलं आणि ते मुलाकडे बंगलोरला निघाले. जाताना त्यांनी आनंदाला शेजारच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायला लावून दिलं, आणि गाडीचे कागद त्याच्या नावावर करून दिले. "तुझ्याइतकं तिला कोणी सांभाळणार नाही," एवढंच म्हणाले. साहेब वाईट असते तर बरं झालं असतं. त्यांच्या नावानं बोटं मोडून आनंदा मोकळा झाला असता. पण माणूस इतका सज्जन, की राग धरायला कुठे जागाच नव्हती.

पहिल्या रविवारी आनंदानं घरच्यांना फिरवायला काढलं. त्याची आई कौसाबाई आणि बायको विठा, दोघी पदर सावरून मागच्या सीटवर बसल्या. गाडीत मागेच बसायचं असतं, हे त्यांनी जन्मभर बघितलेलं. आनंदानं इंजिन चालू केलं आणि तो तसाच बसून राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"अवं, निघा की," विठा म्हणाली.

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की आपण वाट बघतोय. साहेब बसले की पुढच्या सीटच्या पाठीवर दोन बोटं वाजवायचे, आणि मग आनंदा ब्रेक सोडायचा. चौदा वर्षं ती दोन बोटं वाजल्याशिवाय गाडी हलली नव्हती.

त्यातून अंबरनाथच्या नाक्यावर पोचले तर कारखान्याच्या वॉचमननं खाडकन सलाम ठोकला, आणि आत कोण आहे ते बघून हसत हात खाली घेतला. चहावाला ओरडला, "काय आनंदा, सायबांची गाडी घेऊन फिरतोस?" परत येईपर्यंत हे वाक्य त्यानं पाच जणांकडून ऐकलं. त्या रात्री जेवताना तो विठाला म्हणाला, "ही गाडी माझी वाटली पायजे. बघणाऱ्यानं म्हटलं पायजे, ही आनंदाची."

कौसाबाईला यातलं काही कळलं नाही. तिचं मागणं एकच होतं. तिचा थोरला भाऊ दौलतराव मुरबाडच्या पुढे धसईच्या बाजूला राहायचा. दर भाऊबीजेला तोच यायचा, पण अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याचं येणं सुटलं होतं. "मला एकडाव गाडीनं दादाकडं ने," ती म्हणाली. "एश्टीत नाय बसवत आता. वटीत ताट घिऊन हुभं ऱ्हावं लागतं."

"या भाऊबीजेला नक्की, आये," आनंदानं शब्द दिला.

आणि मग त्याच्या डोक्यात भुंगा शिरला. साहेबांच्या मुलानं कधीतरी डिकीत विसरलेलं परदेशी मोटारींचं एक मासिक होतं. त्यात अमेरिकेतल्या गाड्यांचे फोटो होते. बुटक्या, रुंद, दोन दारांच्या, बॉनेटवर फुगवटा, मागचे टायर उखळाएवढे. साहेबांचा मुलगा एकदा म्हणाला होता, याला मसल कार म्हणतात, आपल्याकडे त्यातल्या त्यात ही कॉन्टेसाच तशी. आनंदानं ते मासिक बदलापूरला मांजर्लीत भगवानच्या गॅरेजवर नेलं. भगवान डेंटर, म्हणजे गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारा, आनंदाचा शाळासोबती. त्यानं फोटो उलटसुलट करून बघितले आणि म्हणाला, "येड्या, चांगल्या गाडीची वाट लावतोस. पण लावूया."

पहिल्या वर्षी रंग बदलला. पांढऱ्याची काळी केली, त्यावर बॉनेटपासून डिकीपर्यंत दोन नारिंगी पट्टे. पट्टे एकदा वाकडे आले, पुन्हा मारले, ते वाळेपर्यंत भाऊबीज आली. कौसाबाई ताट घेऊन एसटीनं गेली. गाडी बाहेर काढली त्या दिवशी नाक्यावरचा चहावाला म्हणाला, "च्यायला, सायबांची गाडी काळी केलीस?"

झालं. आनंदा घरी आला तो सरळ पान्हे घेऊन पुन्हा गाडीखाली शिरला.

दुसऱ्या वर्षी भगवाननं पत्रा ठोकून बॉनेटवर फुगवटा केला, त्याला हवा आत जायला पुढून तोंड ठेवलं. छोटं स्टिअरिंग आलं, जाड टायर आले, कार्बोरेटर उघडला. जुलैत उल्हास नदीचं पाणी मांजर्लीत घुसलं, आणि गॅरेजमध्ये गाडी खिडकीपर्यंत बुडाली. पत्र्यावर भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, फुगून पोपडे सुटले, इंजिनात गाळ गेला. पाणी ओसरल्यावर आनंदा चार दिवस रजा टाकून गुडघाभर चिखलात बसला आणि एकेक नट रॉकेलमध्ये धूत राहिला. विठानं डबा आणला तर म्हणाला, "ठेव तिकडं." विठानं डबा ठेवला नाही, त्याच्यासमोर उघडून धरला, आणि तो जेवेपर्यंत हलली नाही. त्या वर्षीही कौसाबाई एसटीनंच गेली.

तिसऱ्या वर्षी स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली. फोटोतल्यासारखी दिसली खरी, पण सोनिवलीच्या रस्त्यावर दर दहा हातांवर पोट घासायला लागली. वळणावरच्या उंचवट्यावर ती अडकली तेव्हा शेतातल्या पंपावर निघालेल्या चौघांनी उचलून काढली. आनंदानं पुन्हा उंच स्प्रिंगा घातल्या. मग सायलेन्सर बदलला, त्याचा आवाज असा की शेजारची म्हैस दूध देईना, तोही परत बदलला. बाराही महिने काहीतरी उघडलेलंच असायचं. दिवसभर कारखान्यात फोर्कलिफ्ट, सुटला की गाडी. पोरं काही सांगायला आली तर "हां हां" म्हणायचा आणि ऐकायचा नाही. मे महिन्यात दौलतरावाच्या मुलाचं लग्न झालं, सगळं घर गेलं, आनंदा गेला नाही, कारण गिअरबॉक्स खाली उतरवलेला होता. भाऊबीजेला कौसाबाई एसटीची पायरी चढताना पडली. गुडघा सुजून टम्म झाला. ती म्हातारी, पण एक शब्द मुलाला बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

चौथ्या वर्षी आनंदाला वाटलं, आपल्याला रोग सापडला. रंगात नाही, इंजिनात नाही, रोग मागच्या सीटमध्ये आहे. ती सीट आहे तोवर कोणीतरी तिच्यावर बसणार, आणि कोणी मागे बसलं की पुढचा आपोआप ड्रायव्हर. अमेरिकेतल्या त्या गाड्यांना कुठे असते मागची सीट? असली तरी नावालाच. दिवाळीच्या तोंडावर त्यानं मागची सीट उपटून काढली आणि भगवानला देऊन टाकली. भगवाननं ती गॅरेजच्या दारात ठेवली, गिऱ्हाइकांना बसायला. पुढच्या सीटा उचलून आनंदा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये लछमनदासकडे गेला. लछमनदासचा जीन्स शिवायचा कारखाना होता. आनंदाला सीटांना जीन्सचंच कापड हवं होतं, पिवळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण आणि पाठीला खिसे.

लछमनदासनं चष्मा वर केला. "साईं, आदमी लोग का माल पडा है दिवाली का, और तू गाडी को पँट पहनाने आया?"

"पहनाओ ना शेठ. ऐसी गाडी पूरे ठाणे जिल्हे में नहीं होगी."

"वो तो मैं भी मानता," लछमनदास म्हणाला. त्यानं ड्रायव्हरची सीट शिवून दिली. दुसरी मात्र दिवाळीच्या गर्दीत त्याच्याकडेच राहिली आणि कारखाना चार दिवस बंद झाला.

भाऊबीजेच्या सकाळी विठा पोरांना घेऊन आपल्या भावाकडे कर्जतला गेली. कौसाबाई नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. मांडीवर रुमालानं झाकलेलं ताट होतं, त्यात निरांजन, कुंकू, सुपारी, करंज्या. एसटीची पायरी आता तिला चढवत नव्हती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ती फक्त गाडीकडे बघत होती.

आनंदानं मागचं दार उघडलं. आत नुसता पत्रा होता. पुढे त्याची स्वतःची एकच सीट, शेजारी चार बोल्टांची भोकं. चार वर्षं ज्या गाडीपायी घर वाऱ्यावर सोडलं, त्या गाडीत आईला बसवायला वीतभर जागा नव्हती.

"आये, शीट नाय," तो म्हणाला.

"मंग? बैलगाडीत काय शीट हुती?" कौसाबाई उठली. घरातून गोधडी आणून तिनं पत्र्यावर अंथरली, ताट आधी आत सरकवलं, मग गुडघा धरत स्वतः सरकली आणि मांडी घालून बसली. "चल. दादा वाट बघत आसंल."

बदलापुरातून बारवी धरणाच्या रस्त्यानं गाडी निघाली. आनंदा आरशात बघायचा तर आरसा रिकामा. आई इतकी खाली बसलेली की तिचा पदरसुद्धा दिसत नव्हता. खड्डा आला की तेवढं ताट वाजायचं. तो पुन्हापुन्हा विचारायचा, "आये, बरी हायस ना?" खालून उत्तर यायचं, "गाडीकडं बघ, माझ्याकडं नगं." त्याला वाटत होतं एकदाचं पोचावं, आणि पोचूही नये. धसईला काय सांगायचं? चार वर्षांनी मामाच्या दारात जायचं आणि आईला पोत्यासारखं खाली उतरवायचं?

मामाचं घर आलं. आनंदानं लगबगीनं उतरून मागचं दार उघडलं, आईला हाताला धरून बाहेर काढलं, ताट हातात दिलं. तिचे पाय आखडले होते, ती दोन मिनिटं दाराला धरून उभी राहिली. मग लुगड्यावरची धूळ झटकून लंगडत आत गेली. "दादा, मी आली रं!" एवढं ऐकू आलं, आणि मग आतून म्हाताऱ्या भावाचा रडल्यासारखा, हसल्यासारखा आवाज आला.

आनंदानं दार लावलं. गाडी वळवून सावलीत घेतली. डॅशबोर्डखालचं फडकं काढलं आणि बॉनेटवर बसलेली वाटेतली धूळ पुसायला लागला. बॉनेट झालं, काच झाली, मग दिवे. आत ओवाळणं चाललं होतं, निरांजनाच्या तुपाचा वास बाहेरपर्यंत येत होता. तो दिवे पुसून झाल्यावर चाकांकडे वळला.

पंधराएक मिनिटांनी घरातून एक तरुण बाई आली. डोक्यावर पदर, हातात करंजी-शंकरपाळ्यांची बशी आणि चहाचा कप. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात लग्न होऊन आलेली मामाची सून ती. आनंदानं तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि तिनं त्याला.

"घ्या, डायवरदादा," ती म्हणाली. "आत्याबाईंच्या मागं धावपळीत इसरलोच आमी तुमाला." आनंदानं बशी घेतली. ती गाडीकडे डोळे मोठे करून बघत राहिली. नारिंगी पट्टे, बॉनेटचा फुगवटा, पिवळ्या दोऱ्याची शिवण. "हीच ना ती आनंदादादांची गाडी? हे लय सांगतात तिचं. अशी दुसरी कुनाचीच नाय म्हंत्यात. ते सवता नाय आले?"

चार वर्षं ज्या दोन शब्दांसाठी त्यानं जिवाचं रान केलं होतं, ते तिनं सहज, चहाच्या कपाबरोबर देऊन टाकले. गाडी आनंदाची होती. एक नट साहेबांचा राहिला नव्हता. आणि आनंदा हातात फडकं घेऊन, गाडीला पाठ टेकून, मालक बाहेर यायची वाट बघत उभा होता. त्याला कोणी उभं केलं नव्हतं, कोणी थांब म्हटलं नव्हतं. आपल्या सख्ख्या मामाच्या दारात तो आपला आपण बाहेर राहिला होता. लाजेनं त्याचे कान तापले.

"आलेत," तो म्हणाला. "येतायत मागनं."

ती मान हलवून आत गेली. आनंदानं चहा घेतला. गोड होता, पण त्याला चव लागली नाही. मग त्यानं फडकं वायपरला अडकवलं, बशी आणि कप उचलले, आणि उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.

आत मामा खाटेवर उशांना टेकून बसला होता, कपाळावर कुंकवाचा मोठा टिळा, लुळा हात बहिणीच्या मांडीवर. कौसाबाईनं वर बघितलं. "आरं, कवाची हाक मारते मी तुला. बाहेर काय करत हुतास इतका येळ?"

दारात सून थबकली आणि तिनं जीभ चावली. आनंदानं बशी आणि कप खाली ठेवले. तो मामाच्या पायांशी जमिनीवर बसला, आणि पस्तीस वर्षांचा तो बाप्या आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला.

मामा दाराबाहेर बघून म्हणाला, "रडतूस कशाला रं? चांगली हाय की गाडी."