खंदकात बुडवलेली मोगामी

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या क्वेकर्स हिलमध्ये दिवाळीचा किल्ला मीच करतो, आणि तो थेट ब्लू माउंटन्सवरून दिसतो. गेल्या साली खंदक एवढा खणला की काउन्सिलचा माणूस स्विमिंग पूल समजून त्याभोवतीच्या सक्तीच्या कुंपणाची चौकशी करून गेला. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते शेजारच्या म्हाताऱ्याला बरोबर कळायचं. कुंपणापलीकडून विचारायचा, "मेट, आज काय फुगवलंयस?"

त्याचे वडील दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन क्रूझरवर, म्हणजे युद्धनौकेवर होते. जावाजवळ जपानच्या मोगामी वर्गातल्या दोन क्रूझरांनी ती बुडवली. वडील परत आले नाहीत, तेव्हा हा पाळण्यात. उतारवयात त्याने गराजमध्ये मोगामीचं हातभर लांब मॉडेल केलं. "जन्मली हलकी क्रूझर म्हणून," तो सांगायचा, "मग मोठ्या तोफा चढवल्या आणि भारी झाली. तुझ्या गोष्टींसारखी."

ती स्वतःच्या हाताने बुडवायची, एवढीच त्याची इच्छा. पण आधी डोळे गेले, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर त्याला वेस्टमीडच्या हॉस्पिटलात अ‍ॅडमिट केलं.

"तुझ्या खंदकात बुडव," तो म्हणाला, "आणि येऊन सांग मला."

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी बोटीच्या बुडाला ड्रिलने भोक पाडलं. तटावर मातीचे मावळे होते, काठावर मी आणि माझी लेक. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "बाबा, डोन्ट टॉक. जस्ट फॉर वन्स."

संध्याकाळी म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन जसं घडलं तसं सांगितलं. डावीकडे कलली. मागची बाजू आधी गेली. नाक वर आलं. बुडाली.

तो वाट बघत राहिला. "मग?"

"मग काही नाही."

"टाळ्या वाजवल्या कुणी?"

"नाही. आम्ही गप्पच होतो."

त्याने माझा हात थोपटला. "नो वरीज, मेट. खरंच बुडाली असती तर तू चार वाक्यांत सोडलं असतंस?"

मी लेकीची शपथ घेतली.

"शपथेवर आलास म्हणजे नक्कीच नाही."

पुढे त्याच्या मुलीने त्याला दूर तिच्या गावी, टूवूंबाला नेलं, आणि तिथेच तो गेला.

किल्ला मोडताना बोट चिखलातून निघाली. ती अजून तशीच ठेवलीय, न धुता. त्या संध्याकाळी सांगताना खंदकात एखादा देवमासा सोडायला हवा होता. म्हातारा हसला असता, देवमासा वजा केला असता, आणि बोट बुडाली हे त्याला बरोबर कळलं असतं.