भागीकाकीचा पदर

मंगळवारी धसईच्या पुढच्या एका पाड्यावर मला असा धक्का बसला, की अजून सावरलेली नाही.

मी पॅलिएटिव्ह केअरची डॉक्टर. म्हणजे ज्यांचा आजार बरा होणारा नाही, त्यांचं दुखणं कमी करणं हे माझं काम. शहापूर-मुरबाडच्या गावांत घरी जाऊन पेशंट बघते. शिवाय डॉक्टरनं पेशंटशी कसं बोलावं यावर रिसर्च करते, इतर डॉक्टरांना शिकवतेसुद्धा... हे लक्षात ठेवा, पुढे मला हसायला उपयोगी पडेल.

भागीकाकीचा कॅन्सर हाडांपर्यंत गेलेला. दर भेटीत मी विचारायचे, "काकी, दुखणं सहन होतंय ना?" ती म्हणायची, "होतंय गो बाय." मी खूश. गोळ्यांचा डोस तोच ठेवायचा, चहा प्यायचा, निघायचं.

मंगळवारी तिची सून मंदा अंगणात लुगडी वाळत घालत होती. सहज हात लावला, तर प्रत्येक लुगड्याचा पदर कुरतडलेला... मी म्हटलं, उंदीर फार झालेले दिसतात.

"उंदीर नाय मॅडम," मंदा खाली बघत म्हणाली. "आत्या रातीला पदर तोंडात धरतात. आमची झोप मोडू नये म्हनून."

मंदा सासूला आत्या म्हणते. आत जाऊन काकीला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती माझ्याकडेच नवलानं बघायला लागली.

"तू इचारलंस सहन होतंय ना. होत होतं. सहन होत नाय, असं बाईनं बोलायचं कसं गो?"

एवढी वर्षं, एवढी भाषणं... आणि उत्तर मीच प्रश्नात घालून देत होते. स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. तिथेच डोस वाढवला, मंदाला सगळं नीट समजावलं.

आज सकाळी गाडी चालवत असताना मंदाचा फोन. रडतेय की हसतेय, कळेना. ऊन दारात आलं तरी आत्या उठल्या नाहीत, म्हणून सगळं घर खाटेभोवती जमलं होतं. काकीच्या मुलानं तर गळाच काढला...

तेवढ्यात फोनमध्ये मागून काकीचाच आवाज आला, चांगलाच वैतागलेला. "मेले काय मी? निजू पन देत नाय."

गाडी बाजूला घेऊन मी पोटभर रडले.

काकी, झोपा निवांत. यापुढे 'किती दुखतं' एवढंच विचारीन... आणि त्याआधी पदर बघीन.